सासूबाईंचा विसर आणि सुनेवरचा बोल

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या असून आम्ही पंचवटीत राहतो. दोन वर्षांपासून त्यांचा विसर वाढत गेला आहे. जेवण होऊन अर्धा तास झाला की त्या शेजारी जाऊन ‘सुनेने मला सकाळपासून उपाशी ठेवले’ असे सांगतात. गंगेवर (गोदावरीवर) जाते म्हणून निघाल्या आणि दोनदा घरचा रस्ता चुकल्या. डॉक्टरांनी तपासण्या करून अल्झायमर असल्याचे सांगितले आहे. दीर म्हणतात, साठी बुद्धी नाठी, याला औषध कसले? चुलत सासरे त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करण्याचा आग्रह धरतात. अमेरिकेतील नणंदबाई आईला एखाद्या चांगल्या केंद्रात ठेवा म्हणतात, आणि शेजारीपाजारी मलाच दोष देतात. मी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : शेजाऱ्यांच्या बोलापासूनच सुरुवात करतो, कारण तोच तुम्हाला सर्वांत जास्त लागलेला दिसतो. जेवल्याचे विसरणे हे या आजाराचे लक्षण आहे. नव्या आठवणी साठवण्यात महत्त्वाचे काम करणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग अल्झायमरमध्ये लवकर बाधित होतो. त्यामुळे अर्ध्या तासापूर्वीचा वरणभात मनात नोंदलाच जात नाही, आणि माहेरच्या जात्यावरच्या ओव्या मात्र तोंडपाठ राहतात. सासूबाई खोटे बोलत नाहीत आणि तुमच्या हातूनही काही उणे पडलेले नाही. गोव्यातील वृद्धांच्या मानसिक आरोग्यावर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते की, तेथील लोक स्मृतिभ्रंशाला (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) एक तर वार्धक्याचा भाग समजत होते किंवा मुलांनी केलेल्या हेळसांडीचे, माया न लावल्याचे फळ मानत होते. आईवडिलांच्या सेवेला धर्म मानणाऱ्या आपल्या समाजात म्हातारे माणूस सैरभैर दिसले की सेवेतच काही कमी पडले असणार असा तर्क सहज केला जातो, आणि त्याचे बोट बहुतेक वेळा मुलाकडे न जाता सुनेकडे जाते. मला हा अन्याय फार सलतो. शेजारच्या एखाद्या समजूतदार बाईंना तुमच्या यजमानांनी स्वतः जाऊन निदान सांगावे. हे काम तुम्ही करू नये, कारण तुमचे बोलणे सफाई देण्यासारखे ऐकू येईल.

दिरांचा समज केवळ आपल्याकडचा नाही. २०१९ मध्ये झालेल्या जागतिक पाहणीत आरोग्यसेवा देणाऱ्यांपैकीही सुमारे ६२ टक्के लोकांनी स्मृतिभ्रंश हा नेहमीच्या वार्धक्याचाच भाग असल्याचे मत दिले होते. पण जिच्यामुळे ॲलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये हा आजार जर्मनीत वैद्यकांपुढे मांडला, ती रुग्ण १९०१ मध्ये त्यांच्याकडे आली तेव्हा ५१ वर्षांची होती. साठी तिच्यापासून बरीच दूर होती. ‘वयच झाले’ म्हणून गप्प बसण्याने आणखी एक नुकसान होते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य अशा उपचार होऊ शकणाऱ्या कारणांनीही विसर पडतो, आणि ती तपासायची राहून जातात. तुमच्याकडे तपासण्या झाल्या हे फार चांगले झाले. आजार मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही, तरी डोनेपेझिलसारख्या औषधांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य राहतात.

चुलत सासऱ्यांशी वाद घालू नका. पितरांची शांती केल्याने घरातील वडीलधाऱ्यांचे मन निवत असेल, तर तो विधी मुलांनी अवश्य करावा. मात्र नागबळीचे तीन दिवस, अनोळखी खोली आणि मंदिर परिसरातील गर्दी यांनी सासूबाईंचा गोंधळ वाढू शकतो, म्हणून त्यांनी घरीच राहावे आणि गोळी एक दिवसही चुकू नये.

नणंदबाईंचा सल्ला ऐकून तुम्ही दुखावल्या असाल, पण त्या ज्या समाजात राहतात तेथे निदान रुग्णालाच सांगितले जाते, पुढची व्यवस्था त्याच्या इच्छेने ठरते, आणि केंद्रात राहणे म्हणजे टाकून देणे असे मानलेच जाते असे नाही. आपल्याकडे मात्र डॉक्टर रुग्णाला बाहेर बसवून नातेवाइकांशी बोलतात. मला येथे त्यांची रीत अधिक योग्य वाटते. सासूबाई सकाळी शांत असतील तेव्हा ‘तुम्हाला विसर पडण्याचा आजार आहे, आम्ही सोबत आहोत’ एवढे त्यांना साध्या शब्दांत सांगावे. तेथे ‘वेड’, ‘चळ’ हे शब्द नकोत. शब्दाने माणसाची किंमत कशी घटते हे जपानने ओळखले आणि २००४ मध्ये मूढपणा सुचवणारे या आजाराचे जुने नाव अधिकृतपणे बदलले.

केंद्राचा निर्णय आज घ्यायची घाई नाही. तुमच्या पत्रात यजमानांच्या वाट्याच्या कामाचा उल्लेखच नाही, याची मला अधिक काळजी वाटते. सेवा घराण्याची असेल तर ती घराण्यात वाटली गेली पाहिजे. दिरांनी आठवड्यातून एक पूर्ण दिवस आईला सांभाळावे, नणंदबाईंनी दिवसभराच्या मदतनीस बाईंचा खर्च उचलावा आणि वर्षातून एकदा येऊन राहावे. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवरही मार्गदर्शन मिळते.

गंगेवर जाणे बंद करू नका, त्यांचा तो अनेक वर्षांचा नेम असेल. सोबत कोणीतरी जावे. ब्लाउजच्या आतल्या बाजूला नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली कापडी पट्टी शिवून घ्या, आणि वाटेवरच्या फुलवाल्यालाही तो क्रमांक देऊन ठेवा.