घरी लहान मुलांना घेऊन कौटुंबिक प्रार्थना कशी घ्यावी?

जय ख्रिस्त. तुमची अडचण मला समजली ती अशी. दिंडोरीकडच्या गावी वडील रोज संध्याकाळी सगळ्यांना बसवून प्रार्थना घ्यायचे. आता तुम्ही नाशिकच्या सिडकोत राहता, अंबडला शिफ्टची ड्यूटी, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार. तुम्ही प्रार्थना सुरू केली की मुलगा उठून पळतो, मुलगी "संपलं का?" विचारते, आणि तुम्हाला वाटतं, आपण काही पाळक, म्हणजे पाद्री, नाही, बायबलमधलं वचन समजावून सांगता येत नाही, मग आपण हे करावं तरी का. शिवाय तुमच्या मिसेसना मोठ्याने प्रार्थना करायला संकोच वाटतो, आणि वडील म्हणतात, दहा मिनिटांची कसली प्रार्थना.

मी शरणपूर रोडच्या बाजूला राहते, बरीच वर्षं चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवते, आणि माझी दोन्ही मुलं घरच्या प्रार्थनेतच वाढली. त्या अनुभवातून लिहिते.

आधी पाळक नसण्याबद्दल, कारण तुमचं बाकी सगळं तिथेच अडलंय. घरची प्रार्थना घ्यायला दीक्षा लागत नाही आणि उपदेशही लागत नाही. आपल्या शरणपूरचीच गोष्ट आहे, मुलांनाही सांगा. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला लागून ही वस्ती उभी केली, आणि गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे राहिली, शिकली. जेकब वेनराइट त्यांच्यातला. १८७३ साली प्रसिद्ध मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत चितांबोच्या गावी वारले तेव्हा जवळ एकही पाद्री नव्हता. सोबतच्या माणसांनी त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं, आणि त्या वेळची अंत्यविधीची उपासना वाचली ती नाशकात शिकलेल्या या तरुणाने. त्याने कुणाला उपदेश केला नाही. जे शिकला होता, ते उघडून मनापासून वाचलं. तुमच्याकडून घरात एवढंच हवं आहे.

आता मला जे खरं सांगायचंय ते. मुलांसाठी प्रार्थना घेऊ नका. तुम्ही दोघं स्वतः प्रार्थना करा आणि मुलांना त्यात सामील करून घ्या. ऐकायला एकच वाटतं, पण घरात फार फरक पडतो. मुलांना शिकवायचं म्हणून बसलं की आपलं अर्धं लक्ष ती नीट बसलीत का, डोळे मिटलेत का, इकडेच राहतं. मुलांना ते लगेच कळतं. त्यांना वाटतं, ही आणखी एक शाळा. पण बाप खरंच देवाशी बोलतोय, कंपनीत कंत्राट संपणार आहे त्याची काळजी देवापुढे मांडतोय, आई आजारी मावशीसाठी नाव घेऊन मागतेय, हे जर मूल रोज ऐकत असेल, तर ते खेळत का असेना, ऐकतंच. चार वर्षांचा मुलगा सतरंजीच्या कडेला गाडी फिरवत बसला तर बसू द्या. आवाज करायचा नाही आणि खोलीबाहेर जायचं नाही, एवढे दोन नियम त्याला पुरेत.

वेळ किती? दहा मिनिटं. वडिलांकडे तास व्हायचा, पण तिथे मोठी माणसं होती आणि तुम्ही आजीच्या मांडीवर झोपू शकत होतात. इथे तुम्ही चौघंच. "अजून एक गाणं" असं मुलांनीच म्हटलं तर म्हणा. आपणहून वाढवू नका.

शिफ्टचं म्हणाल तर घड्याळाची वेळ ठरवू नका, एखाद्या कामाला जोडून ठरवा. रात्रीचं जेवण झालं, ताटं उचलली की प्रार्थना. तुम्ही सेकंड शिफ्टला असाल तेव्हा तुमच्यासाठी थांबू नये, मिसेसनी घ्यावी. घरात पुरुष नसेल तर प्रार्थना होत नाही अशी समजूत आपल्या काही कुटुंबांत अजून आहे, आणि मला तिचं फार वाईट वाटतं. बायबलमध्ये प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्र लिहितो तेव्हा तीमथ्याच्या विश्वासाचं मूळ सांगताना नावं घेतो ती आजी लोईस आणि आई युनीके यांची. नाइट शिफ्ट असेल तर निघण्याआधी दोन्ही मुलांच्या डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यांचा आशीर्वाद द्या आणि निघा. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वचनं मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितलंय ते घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता आणि उठता. म्हणजे सकाळी मुलीला गाडीवरून शाळेत सोडतानाही त्याविषयी बोलता येतं.

क्रम साधा ठेवा. गीत, वचन, प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली. रोज तोच. मोठ्यांना वाटतं मुलांना सतत नवं काही हवं. लहान मुलांना उलट पुढे काय येणार हे माहीत असलं की बसायला बरं वाटतं.

गाण्यावर मात्र जीव लावा. मराठी ख्रिस्ती माणसाकडे या बाबतीत मोठं धन आहे आणि आपण ते मुलांना न देता मोबाइलवर लागेल ते लावतो. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, आणि त्यानंतर त्यांनी प्रभूची स्तुती ओवीत, अभंगात, भजनात आणली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. ही गीतं 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकात आहेत, गावी वडिलांकडे ते नक्की असेल. भजनाच्या चालीचा फायदा असा की ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं. ज्याला अजून वाचता येत नाही असा तुमचा मुलगा कडवी सोडून देईल आणि ध्रुपदाला बरोबर येईल. त्याच्या हातात झांजा द्या, नाहीतर खंजिरी. ताल चुकेल, चुकू दे. मुलीला गीत निवडायला सांगा. एकच गीत आठवडाभर रोज म्हणा, रविवारी बदला. वर्ष संपेपर्यंत मुलांना पन्नासेक गीतं तोंडपाठ झालेली असतील. हे पाठांतर पुढे कुठे उपयोगी पडतं ते मी चर्चमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी पाहिलंय. बाकी सगळं विसरलेली माणसं लहानपणीचं गीत कडव्यांसकट म्हणतात.

स्पीकरवर गाणं लावून त्यामागे गाऊ नका. मुलं मग गात नाहीत, ऐकतात. तुमचा आवाज कसाही असो, तो त्यांच्या बापाचा आवाज आहे.

वचनासाठी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. सोळाच अध्याय आहेत, भराभर घडत जातं, आणि लांब भाषणं कमी. रोज एक प्रसंग वाचा, अध्याय नव्हे. गोष्ट संपली की थांबा, मग सहा ओव्या, म्हणजे वचनं, असोत की पंधरा. जुन्या भाषांतराची भाषा मुलांना जड जाते, म्हणून दुपारी किंवा बसमध्ये तो भाग एकदा वाचून ठेवा आणि कठीण शब्द वाचतानाच सोपे करा. वाचा ते छापील बायबलमधून. मोबाइल हातात असला की मेसेज येतो, डोळे तिकडे जातात, आणि मुलगी ते बघते.

मग समजावून सांगू नका. तुम्हाला समजावता येत नाही म्हणता ना, तर ते या वयात लागतही नाही. एकच विचारा: "यात तुला काय दिसलं?" दुसऱ्या अध्यायात चार माणसं घराचं छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात. मुलगी विचारेल, छप्पर कोणी दुरुस्त केलं? विचारू द्या, हसा, तुम्हीही विचार करा. पाचव्या अध्यायात याइराची मुलगी उठते आणि येशू काय सांगतो, तर तिला काही खायला द्या. सात वर्षांच्या मुलीला हे एवढं कळलं तरी पुष्कळ आहे. तिला भूक लागली असेल हे त्याच्या लक्षात आलं.

गोष्टी आपल्या भागात आणून बसवा. येशूला बघायला जक्कय उंबराच्या झाडावर चढला, तर गोदावरीकाठी गेलात की उंबर दाखवा, खोडाला लागलेली फळं दाखवा, आणि मुलाला खालच्या फांदीवर बसवा. योहानाचा पंधरावा अध्याय, "मी खरा द्राक्षवेल आहे", हा तर दिंडोरी-निफाडच्या मुलांनी सगळ्यांत आधी शिकायला हवा. ऑक्टोबरच्या छाटणीला गावी जाल तेव्हा त्यांना बागेत न्या. एवढ्या काड्या कापून टाकलेल्या बघून मुलं विचारतातच की झाडाला दुखत नाही का, एवढं का कापलं. तिथेच उभं राहून ते वचन वाचा: फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावं म्हणून माळी त्याला साफ करतो. मग फेब्रुवारीत घड लागलेला असताना पुन्हा त्याच ओळीत जा. तुमचे वडील शेतकरी आहेत, हा धडा त्यांच्या तोंडून होऊ द्या.

पाठ करायला स्तोत्र २३ घ्या. सहाच ओव्या आहेत. महिन्याला एक ओवी, घाई नको.

आता प्रार्थना. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, कारण आपल्या घरांतून ती सर्रास चालते. मुलाला ऐकवण्यासाठी देवाशी बोलू नका. "प्रभू, याला सुबुद्धी दे, आज याने ताईला मारलं, जेवण टाकलं" असं मूल समोर बसलेलं असताना म्हणणं म्हणजे देवाच्या आडून त्याला रागावणं आहे. रागवायचं असेल तर जेवताना सरळ रागवा आणि तिथे संपवा. प्रार्थनेत त्याचं नाव यावं ते उपकारस्तुतीत यावं. "प्रभू, आज याने झांजा वाजवल्या, याच्या हातांसाठी तुझे आभार." आपल्या नावाने आईवडील देवाचे आभार मानतात हे ज्या मुलाने रोज ऐकलं, ते डोळे मिटायला कधी कुरकुरत नाही. तसंच, प्रार्थनेला न बसण्याची शिक्षा ठेवू नका आणि चॉकलेटही ठेवू नका.

मुलांची पाळी आली की त्यांना काही सुचवू नका. चार वर्षांचा मुलगा म्हणेल, "देवा, मांजरीला पिल्लं होऊ दे, आमेन." तीच प्रार्थना आहे. मोठ्यांनी हसू नये, आणि "असं नाही, असं म्हण" म्हणून दुरुस्तही करू नये. शिष्य लहान मुलांना अडवत होते तेव्हा प्रभूने त्यांना दटावून सांगितलं होतं, बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या. दुरुस्ती करत बसलो की आपण त्या शिष्यांच्या रांगेत जाऊन उभे राहतो.

तुमच्या मिसेसना सांगा, मोठ्याने प्रार्थना करायला मोठे शब्द लागत नाहीत. दोन-तीन वाक्यं, रोजच्या घरातल्या भाषेत. सुरुवातीला एखादं स्तोत्र वाचून त्याखाली "आमेन" म्हटलं तरी ती प्रार्थनाच आहे. स्तोत्रं त्यासाठीच आहेत. किंवा एका वहीत मुलांकडून नावं लिहून घ्या, आजारी शेजारी, वर्गातली मैत्रीण, गावचे आजोबा, आणि मिसेसनी फक्त ती नावं वाचावीत. नावांमध्ये शेजारच्या सगळ्याच धर्मांची माणसं येऊ द्या. वही मुलीच्या ताब्यात ठेवा. कोणी बरं झालं की ती स्वतः त्यापुढे खूण करेल, आणि कोणी बरं झालं नाही तर प्रश्नही तीच विचारेल.

तो प्रश्न येणारच. आपण मागितलं तरी आजी का गेली? तेव्हा "देवाची इच्छा" म्हणून लगेच झाकण घालू नका. येशूचा मित्र लाजर वारला, त्याच्या कबरेजवळचा भाग काढा, "येशू रडला" हे वचन दाखवा, आणि तुम्हाला रडू आलं तर रडा. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा आणि त्या आजीसाठी देवाचे आभार माना.

काही दिवस चुकतील. ताप येईल, पाहुणे येतील, तुम्ही दमून पडाल. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढायला जाऊ नका, तिथूनच पुढे वाचा.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, वडील म्हणतात की दहा मिनिटांची कसली प्रार्थना. त्यांच्याशी वाद नको. गावी गेलात की त्यांच्या पद्धतीने पूर्ण तासभर बसा, मुलांनाही बसवा, झोपली तर झोपू द्या. आणि पुढच्या वेळी ते सिडकोत येतील तेव्हा त्यांना मुख्य जागी बसवून गीत त्यांनाच सांगायला लावा, त्यांच्या जुन्या चालीत. झांजा नातवाकडे असू द्या. त्यांना जी गीतं येतात त्यांतली काही आता फार थोड्यांना येतात, तेव्हा चाली मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.