विनोदी रिव्ह्यू बघून गेम घ्यावा का?

विनोदी रिव्ह्यू जरूर बघा, पण गेम घ्यायचा की नाही हे त्यातल्या शिव्या मोजून ठरवू नका. या मंडळींचं कामच मुळी खोड काढणं. व्हिडिओ गेमचा विनोदी समीक्षक बेन 'याट्झी' क्रोशॉ 2007 पासून धडाधड बोलत गेमची सालटी काढतोय, चांगल्या गेमलाही सोडत नाही. 'पोर्टल' या गेममध्ये मात्र त्याला नाव ठेवायला जागा सापडली नाही. असं कौतुक क्वचित येतं, म्हणून त्याला वजन आहे.

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथे:

- विनोद आणि तक्रार वेगळी करत नाही. "कॅमेरा भिंतीत अडकतो" ही माहिती. "नायकाचं तोंड बटाट्यासारखं" हा नुसता विनोद, सोडून द्या.
- समीक्षकाची आवड बघत नाही. क्रोशॉला मल्टिप्लेअरचं वावडं आहे. तुम्ही मित्रांसोबतच खेळणार असाल, तर तिथे त्याचं मत बाजूला ठेवा.

आधी तुम्ही खेळलेल्या दोन-चार गेमचे त्याचे रिव्ह्यू बघा. तुमचं कुठे जुळतं ते लगेच कळेल, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. मग काटछाट न केलेला गेमप्ले थोडा वेळ पाहा. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येतो, तेव्हा बिनधास्त घेऊन बघा.