आमची पंचायत शेजारच्या नगरपालिकेत विलीन झाली, तर गावाचा राजकीय आवाज कमी होईल का?

होय, बहुतेक वेळा होतो. आणि गोव्यात सर्वात मोठं नुकसान ग्रामसभेचं. पंचायत क्षेत्रातल्या प्रत्येक मतदाराला ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला हिशेब विचारता येतो, प्रकल्पाविरुद्ध ठराव मांडता येतो. नगरपालिकेत ग्रामसभाच नसते. राज्यघटनेच्या कलम २४३-एस प्रमाणे प्रभाग समित्या ३ लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या पालिकांनाच बंधनकारक आहेत, आणि तेवढी मोठी पालिका गोव्यात एकही नाही. म्हणजे मधल्या पाच वर्षांत तुमच्या हाती नगरसेवकाचं दार ठोठावणं एवढंच उरतं. शिवाय पूर्वीच्या पाच-सात-नऊ पंचांच्या जागी गावातून एक-दोन नगरसेवक निवडून येतात.

बाहेरचा दाखलाही हेच सांगतो. डेन्मार्कने २००७ साली २७१ पालिकांच्या ९८ केल्या. त्यावरच्या संशोधनात दिसलं, की मोठ्या पालिकांत गेलेल्या लोकांचा ‘आपल्याला स्थानिक राजकारण कळतं, त्यात भाग घेता येतो’ हा विश्वास घटला.

एक मात्र लक्षात घ्या: ग्रामसभेचा ठराव प्रत्येक बाबतीत सरकारवर बंधनकारक नसतो. जिथे लोक ग्रामसभेला फिरकतच नाहीत, तिथे हा तोटा कागदावरचाच. तुमच्याकडे ती भरते का, ते आधी पाहा. भरत असेल तर विलीनीकरणाच्या अधिसूचनेवर हरकती मुदतीत नोंदवा.