नोटेला हात लागला आणि बोटं बधिर झाली…

"मॅडम, फेंटानिलला नुसता हात लागला तरी माणूस मरतो का हो?" मी समुपदेशक, आणि फेंटानिल (अफूच्या जातीचं, फार तीव्र वेदनाशामक, नशेसाठीही विकलं जातं) याबद्दलचा हा प्रश्न अमेरिकेतल्या आपल्या लोकांकडून मी इतक्यांदा ऐकलाय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. एका ताईंची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ताई मूळच्या सांगलीकडच्या, आता सॅन दिएगोजवळ एका इंडियन ग्रोसरीत काउंटरवर असतात. एका दुपारी गिऱ्हाईकाने दिलेल्या घडीच्या नोटेतून पांढरी पूड सांडली. पाच मिनिटांत छातीत धडधड, बोटांना मुंग्या, डोळ्यापुढे अंधारी, मग 911 (तिथला आणीबाणीचा नंबर), इमर्जन्सी, आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. पूड कसली ते कळलंच नाही (मला विचाराल तर मैदा). पण तेव्हापासून हातात ग्लोव्हज, दिवसभर सॅनिटायझर आणि मुलाला लायब्ररीची पुस्तकं बंद.

नवरा म्हणायचा, "पोलीस नाटकं करतात आणि ही ते बघून नाटकं करते."

ताई म्हणायच्या, "व्हिडिओत तो धाडकन पडताना दिसतोय, पोलीस खोटं कशाला बोलतील?"

व्हिडिओ म्हणजे त्यांच्याच सॅन दिएगो काउंटीच्या शेरीफने (म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने) ऑगस्ट 2021 मध्ये टाकलेला, पावडरीजवळ गेलेला त्याचा डेप्युटी, म्हणजे हाताखालचा पोलीस, कोसळतो तो. टॉक्सिकॉलॉजीवाल्यांनी, म्हणजे विषांच्या तज्ज्ञांनी, लगेच शंका घेतल्या, पण तोवर तो घरोघरी पोचला होता. पुढच्या वर्षी टेनेसीतल्या एका शेरीफने घडीच्या डॉलरच्या नोटांबद्दल इशारा दिला, तोही ताईंच्या फोनमध्ये होताच.

पहिल्या दोन सेशनला मी चूक केली, माहिती दिली. 2017 मध्ये अमेरिकेतल्या टॉक्सिकॉलॉजी डॉक्टरांच्या दोन संघटनांनी मिळून सांगितलंय की नुसत्या स्पर्शाने ओव्हरडोस होण्याची शक्यता अगदीच कमी. त्वचेतून औषध जावं म्हणूनच बनवलेले फेंटानिलचे पॅच दोन्ही तळहातभर चिकटवले तरी 100 मायक्रोग्रॅम आत जायला साधारण 14 मिनिटं लागतील असा त्यांचा हिशोब, मग कोरड्या पुडीचं काय घेऊन बसलात! ताईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे मॅडम, पण मला झालं ना."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारात वाढलेली, पुरावा समोर ठेवला की विचार बदलतो असं मानणारी. पण माझ्या प्रत्येक पुराव्यात ताईंना नवऱ्याचंच वाक्य ऐकू येत होतं, की तू खोटी.

तिसऱ्या वेळी आकडे बाजूला ठेवले.

"त्या दिवशी श्वास कसा चालला होता?"

"धापा टाकत होते."

"आणि झोप? गुंगी?"

"छे हो, मी ओरडत होते, मुलाला फोन लावा म्हणून."

"ताई, फेंटानिल चढलं की श्वास मंदावतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, ओठ निळे पडतात, माणूस हाकेला ओ देत नाही. तुमचं सगळं उलटं चाललं होतं."

त्या बराच वेळ गप्प. मी पण गप्प राहिले, हे मला यायला दहा वर्षं लागली. मग त्या हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे ओढ्याला दिवड चावली की माणूस असाच गळाठायचा. घाम, चक्कर. दिवडीला विष नसतंय."

"मग तो नाटक करायचा?"

"नाही हो! त्याला खरंच व्हायचं."

आणि एकदम रडायलाच लागल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कोणी न सांगता कळलं होतं की मी खोटी नव्हते, फक्त साप चुकीचा ओळखला.

पोलिसांचंही मला असंच वाटतं. लोक शंका घेतात ते योग्यच, कारण अशा दाव्यांवरून काही ठिकाणी समोरच्या माणसावर गुन्हेसुद्धा लागलेत. पण शंका कारणावर घ्या, कोसळण्यावर नको. वर्षानुवर्षं "हात लागला की मेलात" ऐकलेल्या माणसाचं शरीर घाबरणारच.

आता कामाचं. पुडीला हात लागलाच तर साबण-पाण्याने धुवा, सॅनिटायझर नको, आणि तोंडाला-नाकाला हात लावू नका, बस्स. खरी भीती बाळगायची ती मुलांच्या हातात येणाऱ्या नकली गोळ्यांची, त्यात फेंटानिल निघतं. ताईंचा मुलगा सोळाचा, आणि त्याच्याशी त्या नोटांवर बोलल्या होत्या, गोळ्यांवर एकदाही नाही! कोणी निळं पडलेलं दिसलं तर शिवायला घाबरू नका, 911 लावा, नॅलॉक्सोनचा (फेंटानिलचा असर उतरवणाऱ्या औषधाचा) स्प्रे नाकात मारा, तो 2023 पासून चिठ्ठीशिवाय मिळतो आणि ओव्हरडोस नसला तरी अपाय होत नाही.

ताईंनी तो घेतलाय, गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये उदबत्तीच्या पुड्याशेजारी असतो. शनिवारी गर्दीला अजून ग्लोव्हज घालतात म्हणे. मी काही बोलले नाही.