‘सवय झाली आहे’ म्हणणाऱ्यांची झोप

प्रश्न : माझे यजमान कारखान्यात कायम रात्रपाळीला असतात. सकाळी मोटारसायकलने घरी येतात आणि दिवसा जेमतेम पाच तास झोपतात. ‘मला सवय झाली आहे’ असे ते म्हणतात. पण गेल्या आठवड्यात चहाचा कप हातात असतानाच त्यांचा डोळा लागला आणि चहा मांडीवर सांडला. हे काळजीचे आहे का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : होय, काळजीचे आहे. कप हातात असताना जे घडले तेच गाडीवर घडू शकते, म्हणून मला त्यांच्या सकाळच्या प्रवासाची अधिक काळजी वाटते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना तीन सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी सुमारे 50 मीटर अंतर चालकाविना कापते. कंपनीची बस असेल, तर त्यांनी उद्यापासूनच बसने यावे.

यजमान खोटे बोलत नाहीत; त्यांना खरोखरच तसे वाटत असणार. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या 2003 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही निरोगी माणसांना सलग 14 दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले, तेव्हा त्यांची एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग एकदोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतका खालावला. मात्र आपण इतके मंदावलो आहोत, याची त्यांना फारशी जाणीव नव्हती. थकलेल्या मेंदूला स्वतःचा थकवा नीट मोजता येत नाही, म्हणून यात त्यांच्या म्हणण्यापेक्षा तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे झोप आणणारे द्रव्य साचत जाते आणि झोपेत ते कमी होते. चहातील कॅफीन त्याचा परिणाम काही तास अडवते, पण साठा तसाच राहतो. शिवाय पाळी संपताना घेतलेला चहा घरी आल्यावरची झोपही उडवतो. अपुरी झोप वर्षानुवर्षे चालू राहिली, तर स्मरणशक्तीबरोबरच रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोकाही वाढतो.

घरी आल्यावर हलका नाश्ता करून त्यांनी लगेच झोपावे. खिडकीला जाड, गडद पडदा लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, दारावरची बेल बंद करा. सलग सात तास जमत नसतील, तर संध्याकाळी कामावर निघण्यापूर्वी तासभर पुन्हा झोपू द्या. घरच्या कामांसाठी त्यांना मध्येच उठवू नका, हे मी मुद्दाम सांगतो.

ते मोठ्याने घोरत असतील किंवा झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा. त्या वेळी तुम्हीही सोबत जा आणि चहा सांडल्याचा प्रसंग स्वतः सांगा. त्यांना तो किरकोळ वाटत असेल.