'तुम्ही यात बसत नाही' म्हणून परत पाठवलं? माझा अनुभव

वय ४४, रक्तदाबाची गोळी दोन वर्षांपासून चालू, आणि चाळिशीनंतरच्या आरोग्य तपासणीला गेलात तर "तुम्ही यात बसत नाही" म्हणून परत पाठवलं, असं तुम्ही लिहिलंय. अगदी माझीच गोष्ट. मी तेव्हा ४६ची होते.

नियमात तसं वावगं काही नाही. या तपासण्या ज्यांना अजून काही निघालेलं नाही त्यांच्यासाठी असतात. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, किडनीचा त्रास आधीच असेल तर काही ठिकाणी नाव वगळतात, कारण तुमच्या तपासण्या फॉलो-अपमध्ये व्हायला हव्यात. म्हणजे फक्त रांग वेगळी. पण एवढं एक वाक्य त्या कचेरीत मला कुणी सांगितलं नाही. फॉर्मवर लाल शाईत 'अपात्र' लिहिलं, "तुमचं डॉक्टरांकडे चालूच आहे ना?" असं विचारलं, आणि मी मान डोलावली.

तेच नडलं. 'चालू' काय होतं, तर जुनी चिठ्ठी दाखवून दर महिन्याला गोळ्या आणणं! तीन वर्षं ना रक्त तपासलं, ना लघवी. मग भलत्याच कारणासाठी रक्त दिलं तेव्हा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.२ टक्के निघालं (६.५ पासून मधुमेह धरतात) आणि लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे किडनीतून गळणारं प्रथिन. किडनी सुरुवातीला काही म्हणजे काही कळू देत नाही.

तेव्हा पात्रतेवरून भांडत बसू नका. मी चार खेटे घातले, सगळे फुकट. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच सरळ विचारा, माझं क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), लघवीतलं अल्ब्युमिन, साखर आणि लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) शेवटचं कधी झालं? तारीख निघाली नाही तर तिथल्या तिथे तपासण्या लिहून घ्या. मी डॉक्टर नाही, तुमच्या बाबतीत आणखी काही लागेल किंवा यातलं काही लागणारही नाही, ते तेच ठरवतील.

वर कुणीतरी गोळीचा उल्लेख न करता फॉर्म भरायला सुचवलंय. कृपा करून तसं करू नका. गोळीमुळे आकडा नॉर्मल दिसतो आणि जोखमीचा सगळा हिशेबच चुकतो.

स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासण्यांची पात्रता वेगळी असते, रक्तदाबाची गोळी तिथे आड येत नाही. मी तेही उगाच सोडून दिलं होतं. गरोदरपणात साखर वाढली होती का, हेही डॉक्टरांना आठवणीने सांगा, मुलं मोठी झाली असली तरी.

जाता जाता, जिना चढून गेल्या गेल्या रक्तदाब मोजू देऊ नका. पाच मिनिटं गप्प बसा, बाही वर करा, पट्टा उघड्या दंडावर. आणि प्रत्येक कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवा. माझा तो लाल शाईचा फॉर्म मागायला गेले तर म्हणे असा फॉर्म आमच्याकडे नाहीच.