उतारावरची गाडी आणि हरवलेला दशांश सेकंद

प्रश्न : माझ्या अकरावीतल्या मुलीने दीड मीटर लांबीच्या फळीचे एक टोक १५ सेंटिमीटर उचलून तीवरून चाकांची गाडी सोडली. ३० सेंटिमीटरला ०.९२ सेकंद आणि १२० सेंटिमीटरला १.७४ सेकंद लागले. अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग असे केल्यावर त्वरण एकदा ०.७१, तर एकदा ०.७९ येते. त्वरण वाढत जाते का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नाही; चूक शून्य वेळेची, म्हणजे घड्याळ सुरू करण्याच्या क्षणाची आहे. स्थिर गाडी एकसमान त्वरणाने निघाली, तर चौपट अंतराला बरोबर दुप्पट वेळ लागतो, हा गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम. ०.९२ ची दुप्पट मात्र १.८४ होते. म्हणजेच गाडीवरचे बोट पूर्ण सुटण्याआधीच स्टॉपवॉच दाबले जात असून, दोन्ही नोंदींत सारखाच ०.१० सेकंद जास्तीचा शिरला आहे. तो वजा केल्यास ०.८२ आणि १.६४ सेकंद उरतात व दोन्हींवरून त्वरण ०.८९ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. आणखी चार-पाच अंतरे मोजून वेळ विरुद्ध अंतराचे वर्गमूळ असा आलेख काढावा. सरळ रेषा वेळेच्या अक्षाला जिथे छेदेल, तीच ही चूक. मुलीच्या नोंदी इतक्या नीटस आहेत, की त्या खोडू नयेत.

घर्षणाविना ०.९८ (गुरुत्व त्वरण ९.८ गुणिले उंची १५ भागिले लांबी १५०) अपेक्षित होते. उरलेली तूट घर्षणाची आणि फिरणाऱ्या चाकांची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकडी फळी वाकते, म्हणून तीवर दोरा ताणून सरळपणाही तपासावा.